दोराचं टोक

तुटलेल्या दोराला मिशा फुटतात.
एकेक पेड आपल्या मर्जीनं सुटतो,
म्हणून टोक केसाळ.
कापलेल्या दोराचं टोक गप्प असतं.
हे मला कांद्रीच्या बंद खदानीत कळलं,
शंभर हात खाली,
काडीपेटीतल्या चौथ्या काडीच्या उजेडात.

आम्ही तिघं होतो. डोमा, लटारी आणि मी, कवडू.
पेटी आमची नव्हती, हेही सांगून टाकतो.
कुण्या मेलेल्या कंत्राटदाराची, चांदीच्या रुपयांची.
पेटी आधी वर गेली.
वरून डोमानं विचारलं, "अजून काही आहे का गा खाली?"
"आमी दोघं आहो ना बे!" लटारी हसत ओरडला.
दोर आला तो अख्खाच आला,
वेटोळ्यांनी, आमच्या डोक्यावर.

लटारी दुसऱ्या दिवशी गेला. किंवा तिसऱ्या.
तिथे दिवस नव्हता.
मी वटवाघळांच्या मागे रांगत राहिलो
आणि मनसरच्या अंगाला एका पळसाच्या मुळाशी निघालो,
दातांत माती, मुठीत ते टोक.

अकरा वर्षं.
नाव बदललं, दाढी वाढवली, विहिरींचा धंदा धरला.
इतवारी, मस्कासाथ, हंसापुरी,
कुणाची बादली, कुणाची नथ, कधी कुणाची सून,
ज्याचं त्याला वर आणून देत गेलो.
सराफ्यात डोमाच्या दुकानावरून रोजची वाट.
तो तराजूमागे बसायचा, मान उचलायचा नाही.
मी चाकू घेतला, धार लावली,
आणि त्याच चाकूनं अकरा वर्षं कांदे चिरले.

मग नवतपा. सातव्या रात्री बोलावणं आलं.
विहिरीत पाणी गुडघाभर उरलेलं,
तळाशी त्यानं काहीतरी बुडवून ठेवलेलं,
धाडीच्या भीतीनं, मागच्या पावसाळ्यात.
परक्या माणसाचा भरवसा नको म्हणून स्वतः उतरला.
दोर मात्र माझ्या हातात दिला.
हा हिशेब मला अजून लागलेला नाही.

कंदिलाच्या उजेडात कडी दिसली. तीच पेटी.
मी वाकलो आणि म्हटलं,
"अजून काही आहे का गा खाली?"

प्रश्न गोल फिरून माझ्याकडेच आला.
कंदील हलायला लागला.
बऱ्याच वेळानं खालून आवाज: "कवडू?"
त्या नावानं मला हाक मारणारं
जगात तेवढंच माणूस उरलं होतं.

मी विडी पेटवली. पुरती ओढली.
हातात दोर, कमरेला चाकू,
आणि बोळात, उकाड्यानं खाटा बाहेर काढून
घोरत पडलेली अर्धी इतवारी.
तो रडला नाही. बोललाही नाही.
रडला असता तर सोडला असता, असं वाटतं.
किंवा नसता.

ओढला त्याला. फार जड झाला होता.
पेटी खालीच राहिली.
काठावर बसून, माझ्या पायांकडे पाहत म्हणाला,
"काहून ओढलं मले?"
मी मजुरी मागितली. अडीच रुपये.
त्याच्याकडे सुटे नव्हते.

ज्यांना सांगितलं ते म्हणतात, मोठं मन तुझं.
मन कसलं.
हातांना ओढायची सवय होती,
सोडणं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.
आणि माझ्यापुरतं मी सोडून दिलं असेलही,
लटारीला कुठे विचारलं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी मारबत निघाली.
रस्ता सगळा ओरडत होता,
खोकला, महागाई, सावकार,
"घेऊन जा गे मारबत!"
माझ्या मुठीत ते टोक, घामानं काळं पडलेलं.
हात वर गेला.
समोरच्या ओट्यावर डोमा उभा होता. त्यानं पाहिलं.
मारबत पुढे सरकली, मागून पोरांचा लोंढा आला,
कुणीतरी माझ्या पायावर पाय दिला.
हात खाली आणला, टोक खिशात ठेवलं.
ते टाकायला
माझ्या एकट्याचं नव्हतं.